पलंगासमोरची भिंत : दोघांच्या बेडरूमसाठी स्त्रीदेहाचं चित्र कसं निवडावं

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधला टू बीएचके घ्या किंवा नेरूळच्या जुन्या सिडको इमारतीतली दोन खोल्यांची जागा, हॉलच्या भिंतींवर सगळ्यांचा हक्क असतो. तिथे आजोबांचा फोटो लागतो, वास्तुशांतीला कुणीतरी दिलेले सात घोडे लागतात, मुलाचं मेडल लटकतं. फक्त दोघांची आवड चालेल अशी जागा घरात एकच असते, ती म्हणजे बेडरूम. आणि नेमकी तीच भिंत बहुतेक घरांत कोरी असते, फार तर लग्नातला हार घातलेला मोठा फोटो.

तिथे स्त्रीदेहाचं एखादं चांगलं चित्र लावावं असं अनेक जोडप्यांना वाटतं, पण बोलायला अवघड जातं. मग कुणीतरी रात्री अकरा वाजता ऑनलाइन जाऊन सोनेरी वर्खातली, चेहरा नसलेली, कंबर मोडेल इतकी वळलेली एक बाई मागवतो. ती सहा महिन्यांत कपाटामागे जाते. हे टाळायचं असेल तर थोडं क्रमाने जावं लागतं. खाली तो क्रम दिला आहे. माझी मतंही मधेमधे येतील, ती पटली नाहीत तर सोडून द्या.

आधी दोघांची यादी

दोघांनी वेगवेगळी, एकमेकांना न दाखवता, दहाएक चित्रं मोबाइलमध्ये साठवायची. घाई नको, आठवडाभर घ्या. मग एखाद्या रविवारी चहा घेऊन बसा आणि याद्या अदलाबदल करा. नियम एकच: समोरच्याच्या यादीतलं कुठलंही चित्र खोडता येतं आणि का खोडलं ते सांगावं लागत नाही. हा नियम लिहायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण आपल्याकडे ‘का नको?’ विचारल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

हा नियम मुख्यतः बायकोसाठी आहे, हे उघडच सांगते. चित्रातला देह रोज तिच्या देहाशेजारी असणार आहे. बाळंतपणानंतर, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर किंवा नुसतं चाळिशीत वजन वाढल्यावर भिंतीवरची सपाट पोटाची बाई तुलना करत बसल्यासारखी वाटू शकते. ‘अगं, ही फक्त कला आहे’ या वाक्याने ते वाटणं जात नाही. उलटही होतं. नवऱ्याला एखादं चित्र फार थेट वाटतं आणि तो संकोचाने बोलत नाही. म्हणून चित्र सरप्राइज म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून आणू नका. साडी बदलून मिळते. भिंतीवर चढवलेलं चित्र उतरवायला मात्र दुसऱ्याला वाईटपणा घ्यावा लागतो.

दोन-तीन चित्रं उरली की त्यांच्या साध्या ए-फोर प्रिंट काढा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रोज कपडे काढताना दिसतील, पण बाहेरच्याला दिसणार नाहीत. दोनेक आठवड्यांत एक चित्र डोळ्यांना कंटाळवाणं होतं, एक खटकायला लागतं आणि एकाकडे तुम्ही थांबून बघता. सकाळी, घाईत, केस विंचरताना जे बघवतं तेच घ्या. रात्रीच्या मूडमध्ये सगळंच बरं दिसतं.

बाई आपल्याच कामात असावी

इथे जरा थांबते, कारण सगळा कस इथेच लागतो.

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकलने अंबरनाथला उतरा आणि शिवमंदिर बघून या. शिलाहारांच्या काळातलं, इसवी सन १०६० चं हे देऊळ. काळा बसाल्ट आणि जवळजवळ हजार पावसाळे यांनी शिल्पांचे नाक-डोळे पुसट केलेत, पण बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींची, म्हणजे तिथे कोरलेल्या देखण्या बायकांची, उभं राहण्याची ऐट अजून कळते. अशा सुरसुंदरी खजुराहोला, बेलूरला, आपल्याकडे कोल्हापूरजवळ खिद्रापूरला आणि गडचिरोलीत मार्कंड्यालाही आहेत. त्या काय करतात बघा. कुणी आरशात बघून कुंकू लावते, कुणी पायातला काटा काढते, कुणी पत्र लिहिते, कुणी पैंजण बांधते, कुणाच्या ओल्या केसांतून पाणी निथळतंय. अंगावर कपडा नावापुरताच, तरी कुठेही ओशाळलेपण नाही. कारण त्या बायका आपल्या कामात आहेत. बघणारा आहे की नाही याने त्यांना फरक पडत नाही.

माझ्या मते चांगलं आणि सवंग यातली रेघ इथेच पडते. कपडे किती आहेत यावर ती पडत नाही. पूर्ण झाकलेली बाईसुद्धा सवंग रंगवता येते, जुन्या कॅलेंडरांत आपण ती पुष्कळ पाहिली आहे. चित्र हातात आलं की काही गोष्टी तपासा. ती काही करते आहे का? नहाणं, विणणं, झोपणं, वाचणं, खिडकीतून बघणंसुद्धा चालेल. तिला चेहरा आहे का? पाठमोरी असेल तर हरकत नाही, पण चेहरा मुद्दाम चौकटीबाहेर कापून फक्त धड ठेवलं असेल तर मला ते नको वाटतं. शरीराला वजन आहे का? बसल्यावर पोटाला वळी पडते, कुशीवर झोपल्यावर छाती एका बाजूला कलते, टेकलेल्या हाताचं कोपर दबतं. चित्रकाराने हे पाहिलं असेल तर त्याने खरी बाई पाहिली आहे. रबरासारखं गुळगुळीत अंग आणि बोटांच्या जागी धूसर काहीतरी दिसलं की समजा, समोर बाईला बसवून कुणी काही काढलेलंच नाही. हल्ली संगणकाने बनवलेल्या चित्रांचा बाजारात सुळसुळाट आहे, त्यांत ही खूण अनेकदा सापडते. हात आणि पाय आधी बघा.

आणखी एक कसोटी, जरा आगाऊ आहे पण उपयोगी पडते: त्या बाईशी बोलायची वेळ आली तर काय बोलाल, हे सुचतं का? सुचत असेल तर ते चित्र टिकेल.

आपल्याच परंपरेत हा विषय किती बारकाईने हाताळलाय ते लघुचित्रांत दिसतं. रागमालेतली, म्हणजे रागांना माणसांचं रूप देणाऱ्या चित्रमालिकेतली तोडी रागिणी वीणा घेऊन रानात उभी असते आणि हरणं जवळ येतात. देह झिरझिरीत वस्त्रातून सूचित होतो, तेवढाच. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका, म्हणजे प्रेमाच्या आठ अवस्थांतल्या बायका, तर बेडरूमसाठीच आहेत, फक्त निवडताना सावध राहा. वासकसज्जा म्हणजे शेज सजवून वाट बघणारी, ती छान. स्वाधीनभर्तृका म्हणजे जिचा नवरा तिच्या मुठीत आहे ती. अनेक चित्रांत तो तिच्या पायाशी बसून आळता लावताना दिसतो. ते चित्र लावल्यास नवऱ्याने रोज बघावं, ही वेगळी सूचना. अभिसारिका विजा आणि सापांच्या रात्री प्रियकराकडे निघालेली असते, तिचं नाट्य जबरदस्त आहे. पण खंडिता दिसायला कितीही सुंदर असली तरी तिच्या चित्रात नवरा दुसरीकडे रात्र काढून सकाळी परत आलेला असतो. ते माहीत नसताना ‘कपल पेंटिंग’ म्हणून ती बेडरूममध्ये लावलेली मी पाहिली आहे. मी गप्प बसले.

फक्त स्त्रीदेह नको, दोघं हवीत असं वाटत असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची दंपतीशिल्पं बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही जोडपी कमरेवर उघडी, दागिन्यांनी मढलेली, एकमेकांना लगटून आरामात उभी आहेत. त्यांच्यात शृंगारापेक्षा सोबत जास्त आहे. चांगल्या कॅमेऱ्याने, तिरक्या उजेडात स्वतः काढलेला त्यांचा फोटो काळ्यापांढऱ्यात मोठा केला तर विकतच्या कुठल्याही कॅनव्हासपेक्षा सरस दिसतो. लोणावळ्याच्या पुढे मळवली स्टेशनला उतरायचं. राजा रविवर्म्याचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे याच मळवलीला हलला होता, हा योगायोग मला आवडतो.

रविवर्म्याबद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. त्याची हंसाशी बोलणारी दमयंती, त्याची मोहिनी यांच्यात साडी अंगावर कशी पडते त्याचं कौशल्य अफाट आहे, पण घराघरांतल्या स्वस्त प्रिंटांनी ती चित्रं इतकी ओळखीची झाली आहेत की आता डोळा त्यांच्यावर थांबत नाही. त्यापेक्षा महादेव विश्वनाथ धुरंधरांची रेखाटनं शोधा. कोल्हापुरातून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आलेला हा चित्रकार मुंबईच्या बायका, त्यांच्या नऊवारीचे काष्टे, डोक्यावरच्या घागरी आणि चालण्याची लय दोन-चार रेघांत पकडायचा. अमृता शेरगिलने पॅरिसमध्ये शिकत असताना काढलेली नग्नचित्रं वेगळ्या जातीची आहेत. त्यांत बाई बाईकडे बघते आहे, त्यामुळे देहावर नजरेचा भार पडत नाही. युरोपातलं काही हवं असेल तर फ्रेंच चित्रकार देगाच्या नहाणाऱ्या बायका बघा. टबमध्ये वाकून मान चोळणाऱ्या, टॉवेलने पाय पुसणाऱ्या या बायका खडूरंगात आहेत आणि आपल्या सुरसुंदरींच्या थेट बहिणी शोभतात. मातिसची १९५२ सालची निळ्या कागदातून कापलेली बसलेली बाई आधुनिक, साध्या फर्निचरच्या खोलीत उत्तम बसते, मात्र तिची प्रिंट आता इतक्या ठिकाणी दिसते की जपून. क्लिम्टच्या सोनेरी चुंबनाबद्दल तेच, पण जास्त जोरात.

माध्यमाचं थोडक्यात: घरात मुलं किंवा वडीलधारी असतील तर कोळसा, पेन्सिल, शाई किंवा एकरंगी छपाईकडे झुका. रेघ देह सांगते आणि बाकीचं बघणाऱ्यावर सोडते. फोटो सगळ्यात थेट असतो, तो पेलायला खोली आणि माणसं दोन्ही तयार हवीत.

कुठली भिंत

नव्याण्णव टक्के लोक पलंगाच्या डोक्यावरची भिंत धरतात. इंटिरियरच्या फोटोंत तसंच असतं. पण विचार करा, उशीला डोकं टेकल्यावर ती भिंत तुमच्या मागे असते. तिथलं चित्र तुम्हाला क्वचितच दिसतं, दिसतं ते दारातून डोकावणाऱ्याला. म्हणजे ज्यांच्यासाठी लावलं त्यांना दिसत नाही आणि ज्यांच्यापासून खासगी ठेवायचं त्यांना पहिल्यांदा दिसतं. मी पायथ्याकडची भिंत किंवा खिडकीलगतची बाजूची भिंत सुचवते.

ठरवण्यापूर्वी पॅसेजमध्ये उभं राहा आणि बेडरूमचं दार अर्धं, मग पूर्ण उघडा. काय दिसतं? मग सरकत्या दारांच्या वॉर्डरोबकडे बघा. त्याला आरसा असेल तर दाराआडच्या भिंतीवरचं चित्र त्या आरशातून सरळ हॉलपर्यंत पोचतं. हे कागदावर कळत नाही, उभं राहूनच कळतं. तिसरी गोष्ट, घरून काम करणारं कुणी बेडरूममध्ये टेबल लावत असेल तर लॅपटॉपचा कॅमेरा उघडून मागे काय येतं ते पाहा. सोमवारच्या मीटिंगमध्ये खांद्यावरून देगाची बाई डोकावणं कुणालाच नको.

मापासाठी जुने पेपर घ्या, चिकटपट्टीने जोडून चित्राच्या मापाचा कागद कापा आणि भिंतीवर लावून दोन दिवस राहू द्या. आपल्याकडच्या दहा बाय अकराच्या खोलीत पलंग आणि वॉर्डरोब गेल्यावर बाजूच्या भिंतीवर साधारण १८ बाय २४ इंचांचं चित्र, फ्रेमसकट २४ बाय ३०, पुरेसं होतं. डोक्यावरच लावायचं ठरलं तर रुंदी पलंगाच्या दोन तृतीयांश धरा. पाच फुटी क्वीनला ४० इंच आणि सहा फुटी किंगला ४८ इंच. हेडबोर्डच्या वर सहा ते आठ इंच सोडा. टेकून बसल्यावर डोकं फ्रेमला लागत नाही ना, तेही बघा. समोरच्या भिंतीवर मात्र नेहमीचं उभ्या माणसाच्या नजरेचं माप वापरू नका. हे चित्र तुम्ही झोपून आणि बसून बघणार आहात, त्यामुळे मधला बिंदू जमिनीपासून ५७ इंचांऐवजी चार-पाच इंच खाली आला तरी छान दिसतो.

वास्तूचं कुणी विचारलंच तर दिशा त्यांना ठरवू द्या, चित्र तुम्ही ठरवा.

कुठे बघायचं, कुठून घ्यायचं

विकत घेण्याआधी खरी चित्रं डोळ्यांनी बघणं गरजेचं आहे, स्क्रीनवर सगळं सारख्याच आकाराचं दिसतं. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने सीएसएमटी गाठा. तिथून काळा घोडा चालत जाता येतो. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनं थोड्या-थोड्या दिवसांनी बदलतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारा. ‘घराच्या बेडरूमसाठी फिगर हवी आहे, छोटं काही आहे का?’ एवढं मोकळं विचारलं की पुष्कळदा टेबलाखालचा पोर्टफोलिओ निघतो आणि त्यात लाइफ स्टडीची रेखाटनं असतात. मोठ्या कॅनव्हासपेक्षा ती खिशाला परवडतात आणि खरी हाताची असतात. गॅलरीबाहेरच्या फुटपाथवरही बघत जा. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्याच फेरीत होतं.

१८५७ पासून चालू असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागलं की चुकवू नका. मॉडेल समोर बसवून देह काढण्याचा अभ्यास तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि विद्यार्थ्यांच्या रेघेत एक ताजेपणा असतो. ठाण्यातल्या कापूरबावडीच्या कलाभवनातही प्रदर्शनं होत असतात. सीबीडी बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये बाहेरच्या राज्यांतले कारागीर येतात. तिथे पट्टचित्रासारखं पारंपरिक काम मिळालं तर नायिका विचारा. दर्शनी मांडलेली नसते, पण पुष्कळदा गुंडाळ्यात असते.

मूळ चित्र घेतलंत तर पावती, चित्रकाराची सही, वर्ष आणि माध्यम लिहिलेला कागद मागून घ्या. नावाजलेल्या चित्रकाराचं काम स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगितलं तर सरळ निघून या.

‘हे कायद्याने चालतं का?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातली ‘लव्हर्स’ नावाची आपली चित्रं भिंतीवरून उतरवायला चित्रकार अकबर पदमसींनी नकार दिला, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अडवलेली सूझा आणि पदमसी यांची चित्रं सोडायला सांगताना, नग्नचित्र म्हणजे अश्लील असं सरसकट धरता येत नाही हेच ठणकावलं. तुमच्या बेडरूमच्या भिंतीची काळजी करू नका.

प्रिंट काढायची असेल तर

जुन्या चित्रांच्या प्रिंट चोरीच्या असायची गरज नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेला, देगा १९१७, क्लिम्ट १९१८, शेरगिल १९४१, धुरंधर १९४४ आणि मातिस १९५४. म्हणजे ही सगळी इथे मोकळी आहेत. पिकासो १९७३ साली गेला, त्याला अजून वेळ आहे. के. एच. आरा यांची नग्नचित्रं किंवा बी. प्रभांच्या लांब मानेच्या कोळणी आवडल्या तर परवानगी असलेली प्रिंटच घ्या.

फाइल कुठून आणायची? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या हक्क संपलेल्या कलाकृतींच्या मोठ्या फाइल्स फुकट खुल्या केल्या आहेत. भारतीय लघुचित्रंही त्यांत भरपूर आहेत. गुगलवरून उचललेलं छोटं चित्र मोठं करू नका, त्वचेवर चौकोन दिसायला लागतात. हिशोब सोपा आहे. कागदावर इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे १८ बाय २४ साठी ५४०० बाय ७२०० पिक्सेलची फाइल. कॅनव्हासचा पोत जाड असतो, तिथे १५० वर भागतं. लघुचित्र मुळात वीत-दीड वीत आकाराचं असतं, त्याला पोस्टर बनवू नका. मूळ मापात किंवा फार तर दुप्पट ठेवा आणि भोवती रुंद माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट, द्या.

छपाईवाल्याला ‘आर्काइव्हल इंक, कॉटन पेपर, मॅट’ एवढं सांगा. चकचकीत कागदावर देहाचं चित्र कॅलेंडरसारखं दिसतं. पूर्ण प्रिंटच्या आधी चेहरा आणि खांदा येईल असा एक तुकडा छापून घ्या आणि तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता घरी आणा. त्वचेचा रंग सगळ्यात आधी बिघडतो. थोडा लाल जास्त झाला की सावळी बाई भाजल्यासारखी दिसते, हिरवा जास्त झाला की आजारी. तुकडा खिडकीपाशी धरा, मग रात्री बेडरूमच्या दिव्याखाली धरा आणि दोन्हीकडे पटला तरच हो म्हणा.

स्वतःचे फोटो किंवा स्वतःवरून काढलेलं चित्र लावायची कल्पना काही जोडप्यांना आवडते. जरूर करा. पण अशी फाइल व्हॉट्सॲपने छपाईच्या दुकानात पाठवू नका, ती त्यांच्या कॉम्प्युटरवर कायमची राहते. पेन ड्राइव्ह घेऊन जा, समोर उभं राहून छापून घ्या आणि फाइल काढून टाकलेली बघूनच निघा. किंवा सरळ चित्रकाराकडून रेखाटन करून घ्या. पाठीची, मानेची, एका हाताची चार रेघांतली ओळख फक्त दोघांनाच पटते.

फ्रेम आणि आपला पावसाळा

बजेटचा निम्मा भाग फ्रेमसाठी बाजूला ठेवा. लोक चित्रावर खर्च करतात आणि फ्रेमवाल्याकडे घासाघीस करतात, मग तिसऱ्या पावसाळ्यात रडतात.

खाडीकाठच्या आणि येऊरच्या कुशीतल्या इमारतींत जून ते सप्टेंबर हवा ओली चादर असते. बाहेरच्या बाजूची, पावसाची झड खाणारी भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, या दोन चित्रासाठी बाद. रंगाला फुगा आला असेल, पोपडे सुटले असतील, हाताला गार लागत असेल तर आधी ओल बघा. कागदावर पिवळट तपकिरी ठिपके पडतात ती बुरशी आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात ती कसर. दोन्ही एकदा आत शिरल्या की निघत नाहीत.

फ्रेमवाल्याला नेमकं काय सांगायचं ते लिहून नेलेलं बरं. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री हवा, साधा बोर्ड काही वर्षांत कडेने पिवळा पडतो आणि तो डाग चित्रावर उतरतो. चित्र माउंटला पूर्ण चिकटवू नका, फक्त वरच्या कडेला कागदी बिजागरीने टांगा, म्हणजे कागदाला फुगायला-आक्रसायला जागा राहते. काच चित्राला टेकता कामा नये, माउंटची जाडी मधे हवी. मागे उघडा हार्डबोर्ड नको, कडा टेपने बंद करून घ्या. आणि मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी किंवा बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. या चकत्या दुकानदार हमखास विसरतो.

पलंगाच्या वर लावणार असाल तर काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या, हलकं असतं आणि पडलं तरी फुटत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हं येत असतील तर यूव्ही थांबवणारं मागा. एसीचा झोत सरळ चित्रावर येऊ देऊ नका.

फ्रेमच्या दिसण्याबद्दल माझा हट्ट: देहाच्या चित्राला साधी, अरुंद फ्रेम. सागवानी, काळी किंवा अक्रोडी. नक्षीदार सोनेरी चौकट घातली की चित्रातली बाई दागिन्यांच्या दुकानात उभी राहिल्यासारखी वाटते. माउंट पांढराशुभ्र नको, किंचित मळकट पांढरा घ्या, खाली बाजूंपेक्षा अर्धा इंच जास्त.

भोक पाडताना

नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती मायवान पद्धतीने सबंध काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे खिळा वाकतो, साधं ड्रिल नुसतं ओरडतं. हॅमर ड्रिलवाला बोलवा. मधल्या पार्टिशन हलक्या ठोकळ्यांच्या असतील तर उलटी गंमत, भोक सहज पडतं पण गिट्टी ढिली बसते. त्यासाठी त्या ठोकळ्यांची वेगळी गिट्टी मिळते. काँक्रीटच्या घरांत वायरिंगचे पाइपही भिंतीतच ओतलेले असतात, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडू नका. भाड्याच्या घरात मालकाला आधी मेसेज टाका, डिपॉझिटमधून कापलं जाण्यापेक्षा ते बरं. चिकटपट्टीचे हुक दमट हवेत सुटतात, त्यांच्यावर काचेची फ्रेम टांगू नका.

एका हुकावर फ्रेम तिरकी होत राहते. दोन डी-रिंग आणि दोन स्क्रू घ्या.

उजेड

बेडरूममध्ये पांढरा थंड उजेड असेल तर जगातलं कुठलंही देहचित्र त्यात निळसर आणि गारठलेलं दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, हे बल्बच्या खोक्यावर छापलेलं असतं, वाचून घ्या. फॉल्स सीलिंगमध्ये स्पॉट असेल तर तो उभ्या रेषेशी साधारण तीस अंशांत चित्रावर पडावा, म्हणजे काचेवर झळक येत नाही. त्या स्पॉटला वेगळा स्विच आणि जमलं तर डिमर द्या. खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त चित्र दिसत राहावं, अशी वेळ तुमच्या दोघांच्याही आवडीची असेल.

घरातली बाकीची माणसं

गणपतीत, बारशाला, हळदीकुंकवाला बेडरूम म्हणजे पर्स ठेवायची जागा. चार मावश्या येणार आणि बघणार. त्या दिवशी चित्र उतरवून ठेवायचं की नाही, हे आधीच ठरवा, म्हणजे आयत्या वेळी दोघांत वाद होणार नाहीत. माझं मत उतरवू नये असं आहे. सासूबाईंनी ‘हे काय ग?’ विचारलं तर ‘आई, अंबरनाथच्या देवळावर आहे ना, तसंच’ एवढं शांतपणे सांगितलं की विषय बहुधा देवळाकडे वळतो. पण सासरे त्याच खोलीत दुपारी आडवे होत असतील, तर त्यांचाही संकोच धरा. हट्टापायी त्यांना सोफ्यावर झोपायला लावू नका.

मुलं विचारतात तेव्हा खरं सांगा. ही बाई अंघोळ करून केस पुसतेय. मूल ‘बरं’ म्हणून निघून जातं. तुम्ही लगबगीने चादर टाकलीत तर मात्र ते दहा वेळा येऊन बघेल. पौगंडातली मुलं आणि त्यांचे मित्र घरात असतील तर दाराआडची भिंत किंवा कोळशाचं रेखाटन निवडा. घरकामाला येणाऱ्या मावशींना फ्रेम कोरड्या फडक्याने पुसायला सांगा, स्प्रे सरळ काचेवर मारला की पाणी कडेने आत उतरतं.

कंटाळा आला तर

येतो. दोघांपैकी एकाला आधी येतो. म्हणून सुरुवातीलाच फ्रेमची पाठ खिळ्यांऐवजी फिरत्या पट्ट्यांनी बंद होईल अशी करून घ्या आणि माउंटचं भोक प्रचलित मापाचं, १२ बाय १८ किंवा १६ बाय २४ ठेवा. मग तीच फ्रेम, तेच भोक आणि आत नवं चित्र. काढलेली प्रिंट गुंडाळू नका. दोन ॲसिड-फ्री कागदांमध्ये सपाट ठेवा, वर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि तो फोल्डर पलंगाच्या पेटीत न ठेवता वॉर्डरोबच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पलंगाच्या पेटीला हवा लागत नाही, पावसाळ्यात तिथल्या गाद्यासुद्धा कुबट होतात.